कृष्णाकाठचे रस्ते आणि गाडीतले दिवे

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला शिरोळ तालुका आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस चार वाटांनी येथे उतरतो. सांगलीच्या बाजूने कृष्णा येते. हरिपूरला तिला वारणा मिळालेली असते. कोल्हापूरकडून पंचगंगा येते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी पोटात घेऊन ती नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते. खाली कर्नाटकच्या शिवेलगत दूधगंगाही येऊन मिळते. चार नद्यांचे पाणी एका तालुक्यात, आणि जमीन मात्र ताटासारखी सपाट.

या सपाटीनेच तालुक्याला सुबत्ता दिली. काळी, खोल जमीन आणि हाताशी पाणी. त्यामुळे ऊस आहे, सोयाबीन आहे, भाजीपाला आहे, हरितगृहातली फुले आहेत. कृष्णाकाठच्या वांग्यांची चव ज्याने घेतली तो दुसऱ्या वांग्यांना सहसा चांगले म्हणत नाही. वाडीला गेलेला माणूस बासुंदी खाल्ल्याशिवाय आणि पेढे, कवठाची बर्फी घेतल्याशिवाय परतत नाही. परंतु याच सपाटीमुळे दर चार-सहा वर्षांनी पाणी घरात येते, हेही तितकेच खरे.

वाडीचे दत्तमंदिर कृष्णेच्या घाटाला लागून आहे. नदी वाढली की पाणी पायऱ्या चढत मंदिरात येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या वेळी तेथे स्नान करण्यासाठी दुरून माणसे येतात. यालाच दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. देवाच्या दारी पाणी आले म्हणून हात जोडायचे आणि त्याच रात्री गोठ्यातल्या म्हशी सोडून उंचावर न्यायच्या, अशी दोन्ही कामे या भागातला माणूस सारख्याच शांतपणे करतो.

पाणी वाचण्याचे शिक्षण येथे लहानपणापासून मिळते. घाटाची किती पायरी बुडाली, पाण्याचा रंग तांबडा की मातकट, फेस किती, वाहून येणारी लाकडे मधोमध की कडेने, यावरून म्हातारी माणसे सांगतात की अजून चढणार की उतरणार. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फूट झाली की इशारा, ४३ फूट झाली की धोका. पावसाळ्यात ‘आज इतके बंधारे पाण्याखाली’ ही बातमी येथे बाजारभावाच्या आधी वाचली जाते. २००५ चा पूर लोकांना आठवतो. पुढे २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पलीकडे गेले. त्या खुणा अजून भिंतींवर आहेत.

फुगणारे पाणी

कोकणातल्या नद्यांचे पाणी धावत येते आणि धावत जाते. शिरोळचे पाणी फुगते. कृष्णा भरून वाहू लागली की पंचगंगेला पुढे वाट मिळत नाही. तिचे पाणी मागे सरते, ओढ्या-नाल्यांतून उलटे शिरते आणि शेतांत पसरते. वरून पाहिले तर तळ्यासारखे संथ दिसते. खाली रस्ता आहे की खड्डा, कडेची साईडपट्टी शाबूत आहे की वाहून गेली, काही कळत नाही. संथ दिसते म्हणून माणूस फसतो. ‘एवढेसे तर पाणी आहे, घाल गाडी’ हे शब्द येथे दर पावसाळ्यात ऐकू येतात.

पूर्वी ही गोष्ट बैलगाडीपुरती होती. बैल शहाणा, पायाखाली जमीन लागली नाही की तो थांबतो. आता गावोगावी चारचाकी आली आहे. मुलांची शाळा, दवाखाना, बाजार, लग्नकार्य, सारे तिच्यावर चालते. कर्ज काढून घेतलेली ही गाडी म्हणजे घरातले मोठे धनच होय. पाण्यातून बाहेर आल्यावर तिच्या पुढच्या फळीवर तांबडे-पिवळे दिवे लागतात आणि चालवणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. हे दिवे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, ते शेतकरी कुटुंबांनी समजून घेण्यासारखे आहे.

ओसरत्या पुरातली वाट

२०२४ च्या जुलैअखेर पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडली होती. ऑगस्टात पाणी उतरू लागले तेव्हा बुडीत उसाची पाहणी करण्यासाठी मी या भागात गेलो. जयसिंगपूरपर्यंत एस.टी., आणि पुढे एका सहकाऱ्याच्या मोटारसायकलवरून शिरोळ, वाडी, मग पंचगंगेचा पूल ओलांडून कुरुंदवाड.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसावर चिखलाची एकसारखी रेघ होती, जणू कोणी सुतळी धरून ओढली आहे. बाभळींच्या फांद्यांत पाचट आणि प्लास्टिक अडकले होते. कुजलेल्या सोयाबीनचा आंबूस वास हवेत भरला होता. छावणीत नेलेली जनावरे ट्रॉलीतून घरी परतत होती आणि बायका अंगणात गोधड्या, धान्य, मुलांची पुस्तके वाळत घालीत होत्या.

उसाच्या फडात शिरलो की शेतकरी विचारीत, “साहेब, ऊस पिवळा पडलाय, युरिया टाकू का?” त्यांना एकच गोष्ट सांगत होतो. पिवळेपणा हा रोग नव्हे, ती खूण आहे. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडली तर नत्र कमी असावे. कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोहाची कमतरता असावी. पण पाणी साचून सारा फड पिवळा झाला असेल तर मुळांना हवा नाही. जमिनीत खत असूनही पीक ते घेऊ शकत नाही. तेथे आधी चर काढून पाणी बाहेर काढा, वाफसा येऊ द्या. पोंगा चिरून पाहा, त्यात गाळ बसून तो कुजला आहे का. डोळे फुटून पांगशा आल्या आहेत का. मग खताचे बोला. खूण कोठे दिसते, केव्हा दिसली आणि तिच्या जोडीला दुसरे काय आहे, हे पाहिल्याशिवाय उपाय करायचा नाही.

गाडीतले दिवे वाचण्याची रीतही अगदी हीच आहे. ती मला त्याच दिवशी, रस्त्यावर उभ्या उभ्या पाहायला मिळाली.

कुरुंदवाड सोडून आम्ही नदीकाठच्या एका गावाकडे निघालो. वाटेत एक लवण लागते. पूर उतरला तरी तेथले पाणी निघालेले नव्हते. ट्रॅक्टर ये-जा करीत होते. मोटारसायकलवाले अलीकडे थांबले होते. एवढ्यात पलीकडून एक लहान चारचाकी पाण्यात शिरली. पाणी गुडघ्याला थोडे कमीच असेल. परंतु समोरून एक ट्रॅक्टर वेगाने गेला आणि त्याने उठवलेली लाट सरळ गाडीच्या तोंडावर चढली. गाडी कशीबशी आमच्या बाजूला आली ती पट्ट्याची किंचाळी काढीतच. आत एक तरुण शेतकरी, त्याची म्हातारी आत्या, बायको आणि पाच-सहा महिन्यांचे बाळ. बाळाला रात्रीपासून ताप होता आणि ती मंडळी कुरुंदवाडला दवाखान्यात निघाली होती.

माझ्या सहकाऱ्याने एक शब्द न बोलता मायलेकरांना मोटारसायकलवर घेतले आणि तो परत फिरला. हे पहिले काम. गाडी कितीही मोलाची असली तरी आधी माणसे पुढे जायची.

दुसरी एक बंद पडलेली गाडी ओढून नेण्यासाठी तेथे एक मिस्त्री आपला ट्रॅक्टर घेऊन आला होता. साठीचा माणूस, उमेदीची सारी वर्षे ट्रॅक्टर आणि इंजिने दुरुस्त करण्यात गेलेली. तो जवळ आला आणि म्हणाला, “दादा, आधी बंद करा, अन् ती किल्ली हिकडं द्या.”

पुढच्या फळीवर तीन दिवे लागले होते. बॅटरीच्या आकाराचा तांबडा, इंजिनाच्या आकाराचा पिवळा आणि एबीएस अशी अक्षरे असलेला पिवळा. तरुण म्हणाला, “बॅटरी गेली वाटतं, मामा. नवी आणावी लागंल.”

“बॅटरी कशाला जातीय? ह्यो दिवा बॅटरीचा न्हाई, चार्जिंगचा हाय.” असे म्हणून मिस्त्रीने बॉनेट उघडले. इंजिनाच्या पुढच्या बाजूचा पट्टा गाळाने माखला होता आणि चाकीत ओल्या पाचटाची गुंडाळी अडकली होती. पट्टा घसरत होता, म्हणून विजेचा जनित्र नीट फिरत नव्हता, म्हणून बॅटरीत वीज जात नव्हती, म्हणून तांबडा दिवा. त्याने पाचट ओढून काढले, पट्टा आणि चाकी स्वच्छ पाण्याने धुऊन फडक्याने पुसली.

परंतु तेवढ्यावर त्याने किल्ली परत दिली नाही. हवा गाळण्याची पेटी उघडली. पेटीच्या तळाशी पाण्याचे थेंब होते, पण कागदाची जाळी कोरडी होती. मग इंजिनातल्या तेलाची पट्टी काढून फडक्यावर पुसली, पुन्हा बुडवून पाहिली. तेल काळपट होते, दुधट नव्हते आणि पातळीही वाढलेली नव्हती. “कागद भिजला असता, न्हाईतर त्याल चहासारखं झालं असतं, तर म्या किल्ली दिलीच नसती,” तो म्हणाला. तारांच्या जोडण्या फडक्याने टिपून त्याने अर्धा तास बॉनेट उघडेच ठेवले.

नंतर त्याने किल्ली फक्त एक टप्पा फिरवली. इंजिन चालू केले नाही. फळीवरचे बहुतेक सारे दिवे एकदम लागले. हे असेच व्हायला हवे. त्या वेळी गाडी आपले दिवे शाबूत आहेत की नाही ते तपासून दाखवते. मग इंजिन चालू केले. पट्टा ओरडला नाही. तांबडा दिवा विझला. पिवळे दोन राहिले. पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला चिखलाचा गोळा बसला होता. तो कळशीभर पाण्याने धुतला. गाडी थोडी चालल्यावर एबीएसचा दिवाही गेला. इंजिनाचा पिवळा मात्र तसाच राहिला. मिस्त्रीने सांगितले, “हळू चालवत न्या, पर उद्याच्या उद्या मशीन लावून बघा.”

तिसऱ्या दिवशी त्या तरुणाचा फोन आला. बाळाचा ताप उतरला होता. धुराड्याच्या नळीवर बसवलेल्या संवेदकाच्या जोडणीत पाणी शिरले होते. ती सुकवून साफ केल्यावर इंजिनाचा दिवाही विझला होता. नवी बॅटरी घ्यावी लागली नाही.

किल्ली का फिरवायची नाही

त्याच संध्याकाळी मी मिस्त्रीच्या दुकानी गेलो. बाकावर एक इंजिन उघडून ठेवले होते. पाण्यात बंद पडलेली गाडी. मालकाने तेथेच पुन्हा पुन्हा सेल्फ मारला होता. मिस्त्रीने दट्ट्याचा दांडा माझ्या हातात दिला. तो मधोमध किंचित वाकलेला होता. नजरेला जेमतेम दिसेल एवढाच वाक, पण सारे इंजिन निकामी.

याचे कारण सोपे आहे. इंजिनाच्या नळकांड्यात दट्ट्या वर येतो तेव्हा तो हवा दाबतो. हवा दाबली जाते. पाणी दाबले जात नाही. हवेच्या वाटेने आत पाणी गेले असेल आणि आपण किल्ली फिरवली तर दट्ट्या त्या पाण्यावर आदळतो आणि त्याचा दांडा वाकतो, कधी मोडून इंजिनाची भिंतही फोडतो. म्हणून गाडी पाण्यात बंद पडली तर ती चालू करण्याचा प्रयत्न करू नये. धक्का मारून गियरवर चालू करणे हे तर त्याहून वाईट. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ओढून बाहेर काढावी, शक्य असल्यास बॅटरीची काळी तार सोडवावी, आणि हवेची पेटी व तेलाची पट्टी पाहिल्याशिवाय किल्लीला हात लावू नये.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. पाणी इंजिनात शिरले आहे, असे सांगणारा दिवा गाडीत नसतो. सर्वांत मोठे नुकसान ज्याने होते, त्याची खूण दिव्यात नाही. ती हवेच्या पेटीत आणि तेलाच्या पट्टीवर आहे. म्हणून दिव्यांच्या आधी या दोन जागा पाहायच्या.

दिव्यांची भाषा

दिव्याचा रंग आधी पाहावा. हिरवा किंवा निळा म्हणजे एखादी गोष्ट चालू आहे, एवढेच. पिवळा म्हणजे काही बिघडले आहे, जपून चालवा आणि लवकर दाखवा. तांबडा म्हणजे थांबा. त्यांतले नेहमीचे दिवे असे.

तेलाच्या झारीचा तांबडा दिवा. इंजिनात तेलाचा दाब नाही. सुरक्षित जागा पाहून तत्काळ इंजिन बंद करावे. ‘गाव दोन मैलांवर आहे, तेवढे जाऊ’ असे म्हणू नये. तेवढ्या अंतरात इंजिन धरते.

पाण्यातल्या तापमापीचा तांबडा दिवा. इंजिन तापले आहे. पुरातून आल्यावर रेडिएटरच्या जाळीवर पाचट, गवत, प्लास्टिक चिकटते, किंवा पंखा चालत नाही. इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. उकळते पाणी तोंडावर येते.

बॅटरीचा तांबडा दिवा. वर सांगितल्याप्रमाणे चार्जिंग होत नाही. दिव्याबरोबर सुकाणू जड झाले असेल किंवा इंजिन तापत असेल तर पट्टा तुटला किंवा निघाला असण्याचा संभव आहे. मग गाडी पुढे नेऊ नये.

ब्रेकचा तांबडा दिवा. आधी हातब्रेक ओढलेला राहिला आहे का ते पाहावे. नसेल तर ब्रेकचे तेल कमी झाले असू शकते. तेल कमी असेल किंवा पायाखाली ब्रेक मऊ लागत असेल तर गाडी हलवू नये.

एबीएसचा पिवळा दिवा. प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा एक संवेदक असतो. त्यावर चिखल बसला किंवा तार ओली झाली की हा दिवा लागतो. साधा ब्रेक लागतो. पण जोराने दाबल्यास चाके अडकून गाडी घसरू शकते. चाकाची आतली बाजू साध्या पाण्याने धुवावी. एबीएसचा आणि ब्रेकचा तांबडा, असे दोन्ही दिवे एकदम लागले तर मात्र थांबावे.

इंजिनाचा पिवळा दिवा. याची कारणे अनेक आहेत. ओल्या जोडण्या, ओले संवेदक, ठिणगीच्या वाटेत पाणी. दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर हळू चालवत नेता येते. दिवा उघडझाप करीत असेल आणि इंजिन धक्के देत असेल तर एखाद्या नळकांड्यात इंधन जळत नाही असे समजावे. थांबावे, नाहीतर धूर शुद्ध करणारे महाग यंत्रही खराब होते.

सुकाणूचा दिवा. सुकाणूला मदत करणारी विजेची मोटर काम करीत नाही. गाडी वळते, पण ताकद लागते. पुन्हा पाण्यात घालू नये.

एअरबॅगचा दिवा. गाडीच्या आत पाणी आले असेल तर आसनाखालच्या तारा आणि जोडण्या ओल्या होतात. गाडी चालते म्हणून हा दिवा दुर्लक्षू नये. अपघाताच्या वेळी पिशवी उघडेलच याची खात्री नसते. हे काम जाणकाराचेच आहे. घरी तारा ओढू नयेत.

आता थोडे मशीनविषयी. अलीकडच्या गाड्या आपल्या बिघाडाची नोंद ठेवतात. गॅरेजवाला सुकाणूखालच्या खाचेत यंत्र जोडतो आणि ती नोंद क्रमांकाच्या रूपात वाचतो. परंतु ‘पुढच्या डाव्या चाकाचा संवेदक’ अशी नोंद आली म्हणजे तो संवेदकच गेला असे नव्हे. तेथपर्यंतच्या वाटेत काहीतरी अडले आहे, एवढाच तिचा अर्थ. तार ओली असेल, जोडणी सैल असेल, वर चिखल असेल. मातीपरीक्षणाचा कागद आला म्हणजे शेत पाहायचे नाही, असे थोडेच असते? म्हणून भाग बदलण्याआधी ‘जोडणी उघडून दाखवा, सुकवून पाहा’ असे नम्रपणे सांगावे. आणि नोंद नुसती पुसून दिवा विझवला म्हणजे दुरुस्ती झाली असेही मानू नये. कारण तसेच राहिले तर दिवा पुन्हा लागतो.

दिवा विझल्यानंतर

पुराचे पाणी स्वच्छ नसते; त्यात गाळ असतो. त्यामुळे काही दुखणी महिन्या-दीड महिन्यानंतर डोके काढतात. तांब्याच्या जोडण्यांवर हिरवट गंज चढतो आणि कोरड्या दिवशीही दिवा लागतो. अशा वेळी मिस्त्रीला ‘गाडी पुराच्या पाण्यातून गेली होती’ हे आवर्जून सांगावे. नाहीतर तो बिचारा भलतीकडेच शोधत बसतो.

पाण्यातून आल्यावर मोकळ्या रस्त्यावर हळू चालवीत ब्रेक चार-दोन वेळा अलगद दाबून सुकवावेत. मागच्या चाकांना ड्रम असतील तर त्यांत गाळ राहतो. ते उघडून साफ करून घ्यावेत. त्या रात्री सपाट जागी गाडी गियरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा. ओला हातब्रेक ओढून ठेवला तर सकाळी चिकटून बसतो. खालची बाजू साध्या पाण्याने धुवावी, पण इंजिनावर जोराचा फवारा मारू नये. आतला गालिचा उचलून उन्हात वाळवावा. चाकातून घरघर येऊ लागली तर बेअरिंगचे वंगण धुऊन गेले असे समजावे. विजेवर चालणारी गाडी असेल तर नारिंगी रंगाच्या जाड तारांना हात लावू नये आणि ती जाणकाराला दाखवल्याशिवाय चार्जिंगला लावू नये.

ट्रॅक्टरवाल्यांनीही हे मनावर घ्यावे. गियरपेटी आणि मागचा आस कामाने तापलेले असतात. ते एकदम थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि श्वासनळीवाटे पाणी आत ओढले जाते. दिवा कोठेच लागत नाही. तेल दुधट झाले की नाही ते पट्टीवर पाहावे, आणि झाले असेल तर पेरणीपर्यंत वाट न पाहता बदलावे.

विम्याचेही एक वाक्य. केवळ तिसऱ्या पक्षाचा विमा असेल तर आपल्या गाडीचे नुकसान त्यात येत नाही. पूर्ण विमा असला तरी पाण्यात किल्ली फिरवून मोडलेल्या इंजिनाची भरपाई पुष्कळदा नाकारली जाते. त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. आपल्या कागदात काय आहे, ते मृगापूर्वीच पाहून ठेवावे.

पाण्यात शिरण्याआधी

इतके सांगितले तरी खरी गोष्ट निराळीच आहे. फळीवरचे दिवे पाण्यातून बाहेर आलेल्याला दिसतात. बाहेर येणेच झाले नाही तर त्यांचा काय उपयोग?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. ती धावत्या पाण्याची गोष्ट. पण संथ म्हणवणाऱ्या आपल्या शिरोळ तालुक्यातही, २ ऑगस्ट २०२४ रोजी, अकिवाट ते बस्तवाड रस्त्यावर पुराच्या पाण्यातून जाणारी ट्रॅक्टर-ट्रॉली उलटली, माणसे वाहून गेली आणि घरची कर्ती माणसे गमावली गेली. ट्रॅक्टर जड असतो, त्याला काही होत नाही, ही समजूत त्या दिवशी तरी संपायला हवी होती. सुमारे एक फूट पाण्यात लहान मोटार तरंगू लागते. दोन फूट वाहते पाणी बहुतेक गाड्या ढकलून नेते. गाडीत जितकी हवा तितकी ती होडीसारखी. फक्त तिला वल्हे नसते.

म्हणून पाणी वाहत असेल तर थांबावे. रस्त्याच्या दोन्ही कडा दिसत नसतील तर थांबावे. बंधाऱ्यावरचा किंवा फरशी पुलावरचा रस्ता पाण्याखाली असेल तर खोली विचारायचीच नाही. कठडा नसलेल्या त्या अरुंद वाटेवर चुकीला जागा नसते. दवाखान्याची घाई असेल तर गावातल्या आपत्ती पथकाची बोट, किंवा लांबचा पण कोरडा रस्ता, हाच जवळचा रस्ता होय.

पाणी संथ आहे, कडा दिसत आहेत आणि जाणे भागच आहे, अशा वेळेसाठी एक सोपी गोष्ट उन्हाळ्यातच करून ठेवा. अंगणात गाडीशेजारी उभे राहा आणि चाकाचा मध्य आपल्या पायावर कोठे येतो ते पाहा. लहान गाडीला तो साधारण पोटरीपर्यंत येतो. पाणी त्या खुणेच्या वर असेल तर गाडी घालायची नाही, मग समोरून ट्रॅक्टर गेला काय आणि जीप गेली काय. घालायचीच असेल तर पहिल्या गियरमध्ये, एकसारख्या हळू गतीने, समोरचे वाहन पार होऊन त्याची लाट निवल्यावर. आणि त्याच दिवशी गाडीबरोबर आलेले पुस्तक काढून फळीवरच्या दिव्यांची पाने घरातल्या सर्वांना वाचून दाखवा, गाडी न चालवणाऱ्यांनाही. शेजारी बसलेल्या माणसाने ‘अहो, तांबडा लागलाय, थांबा’ एवढे वेळेवर म्हटले तरी एखादे इंजिन वाचते, आणि वेळ आली तर माणूसही.